पाठकोरा कागद

नवतपा लागला की आमच्या जाम गावच्या चौरस्त्याचा आवाज बदलतो. ट्रक तेच, हॉर्न तेच, पण बारानंतर सगळं दुरून आल्यासारखं वाटतं. ताप चढलेल्या माणसाला घरातली बोलणी ऐकू येतात ना, तसं. मेच्या अखेरच्या या नऊ दिवसांत शहाणं माणूस उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही. मी मात्र माझ्या सेवा केंद्रात बसलेली असते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाच्या आधारवरचं नाव चुकलेलं असतं, आणि सर्व्हर बंद आहे हे सांगायलाही कुणीतरी लागतंच. कूलरच्या ताट्या कोरड्या पडल्या की उठून दोन मग पाणी मारायचं, परत येऊन बसायचं, आणि पडद्यावर गोल गोल फिरणारं ते चिन्ह बघत राहायचं. इतकी वर्षं मी काही ना काही फिरतानाच बघते आहे. कंटाळा आला आहे, आणि तो लपवायचाही आता कंटाळा आला आहे.

यंदा नवतपाच्या पहिल्याच दुपारी प्रज्ञाताईचा फोन आला. प्रज्ञाताई म्हणजे अल्लीपूरच्या दौलतकाकांची मुलगी. हिंगणघाटला शाळेत शिकवते, सुट्ट्या लागल्या की वडिलांपाशी येऊन राहते. दौलतकाका एसटीत कंडक्टर होते; आता ऐंशी ओलांडली आहे, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आहेत.

“वैशाली, तुह्यापाशी बाबाचं ते पुस्तक असन का वो?”

“कोणतं पुस्तक?” मी विचारलं. मला माहीत होतं कोणतं.

“आईवर लिहिलं होतं ते. एक प्रत होती पेटीत. परवा काढली तं उदईनं सारी खाल्ली. वरचा पुठ्ठा तेवढा राह्यला. बाबा म्हणून राह्यले, कोणी वाचून दाखवलं तं एकडाव ऐकतो म्हणून. जेवून नाई राह्यले धड. तेच एक घेऊन बसले.”

“बघते,” मी म्हणाले. हा शब्द मी दिवसातून वीस वेळा म्हणते आणि लोक तो ऐकून निमूट घरी जातात. प्रज्ञाताई मात्र म्हणाली, “बघजो नाई, आणजो.” आणि फोन ठेवला.

ते पुस्तक मी टाइप केलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी. असाच नवतपा होता. अल्लीपूरला बसस्टॉपजवळ बबनभाऊंचं दुकान होतं: झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. मी बावीस वर्षांची होते. सकाळी हिंगणघाटला टायपिंगचा क्लास, चाळीस स्पीडची परीक्षा तोंडावर आलेली, आणि दुपारी भाऊंच्या दुकानात काम. क्लासमध्ये लोखंडी मशीन होतं. डाव्या करंगळीला अनुस्वार, मग मात्रा, मग क, मग वेलांटी; उजवीकडून य, स, काना, र. बोटांकडे पाहिलं की मॅडमची लाकडी पट्टी बसायची. डोळे पानावर आणि बोटं आपापल्या जागी, एवढं एकच तत्त्वज्ञान मला आयुष्यात कुणी नीट शिकवलं. परीक्षा मी पास झाले. त्या प्रमाणपत्रावर मिळणार होती ती नोकरी अजून यायची आहे.

दुकानातल्या कम्प्युटरमध्ये भाऊंनी नागपूरहून कुणाकडून तरी फ्लॉपीत आणलेला मराठी फॉन्ट होता. त्याची बटणं टायपिंगच्या मशीनसारखीच होती, म्हणून मला नवीन काही शिकावं लागलं नाही. आत असायची ती इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा सदरा घातलेली. तेव्हा याचा कुणी विचार केला नाही. पडद्यावर मराठी दिसतंय, कागदावर मराठी उमटतंय, पत्रिका वेळेवर जातेय, बस. भाऊ म्हणायचे, “अपना काम छापने का, बाकी सब भगवान देखेगा.”

त्या उन्हाळ्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. ओल्या खसचा, तापलेल्या टोनरचा, आणि टेबलाखाली पेंढ्यात पिकत घातलेल्या भाऊंच्या आंब्यांचा. येणारा प्रत्येक जण दारात दुपट्टा सोडायचा, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा चाचपायचा आणि आधी कूलरपुढे उभा राहायचा, मग कामाचं बोलायचा. चार वाजता लाइट जायची. ती जाण्याआधी सगळं छापून व्हायला हवं, म्हणून साडेतीनपासून दुकानात एक घाई सुटायची. आता लाइट सहसा जात नाही, सर्व्हर जातो. घाई तेवढी तशीच राहिली.

दौलतकाका रोज दोनच्या ठोक्याला यायचे. वर्षभरापूर्वी त्यांची बायको गेली होती, सुमनकाकू. त्या उपकेंद्रात नर्स होत्या, सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला एक लहानसं पुस्तक छापायचं आणि शंभर घरांत वाटायचं, असं काकांनी ठरवलं होतं. रोज सकाळी चार-पाच पानं लिहायची आणि दुपारी कंडक्टरच्या जुन्या चामडी पिशवीतून ती माझ्याकडे आणायची. अक्षर असं होतं की चालत्या गाडीत उभ्यानं लिहिल्यासारखं. तीस वर्षांची सवय, हात स्थिर टेबलावरही उड्या मारायचा. त्यामुळे ते स्टुलावर बसून आधी सगळं मला वाचून दाखवायचे, मग मी पानं समोर ठेवून टाइप करायची.

पहिल्या दिवशी त्यांनी दोन्ही बाजूंनी लिहून आणलं होतं. मी म्हटलं, “काका, कागदाच्या एकाच बाजूनं लिहा. मागची शाई पुढं उमटते, ओळ चुकते.” हा सगळ्या टायपिंगवाल्यांचा नियम आहे आणि मी तो मोठ्या तोऱ्यात सांगितला.

“मंग मागून कोरा सोडून देऊ? अर्धा कागद वाया नाई का जात, माय?”

“जाऊ द्या वाया.”

“बरं,” ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून एकाच बाजूनं लिहू लागले. पण प्रत्येक पान माझ्या हातात देताना ते उलटून त्याची कोरी पाठ एकदा बघायचे. तीस वर्षं त्यांनी तिकिटांचा एक तुकडाही वाया जाऊ दिला नव्हता.

त्या पानांतून सुमनकाकू मला भेटत गेल्या. हयात असताना मी त्यांना फक्त सुई टोचणाऱ्या बाई म्हणून ओळखायची. काकांनी त्यांना देवी वगैरे केलं नव्हतं. रागावल्या की भाजीत मीठ घालत नसत, असं लिहिलं होतं. नवऱ्याच्या गाडीत बसल्या तरी कंडक्टरच्या सीटवर कधी टेकत नसत, लशींचा डबा छातीशी धरून दांड्याला टेकून उभ्या राहत, आणि उभ्या उभ्या झोपत. तोंडात लवंग असायची. एका बाळंतिणीच्या घरून मिळालेली साडी त्यांनी दुसऱ्या बाळंतिणीला दिली, आणि पहिलीनं ती ओळखली, तेव्हा गावभर झालेला तमाशाही त्यात होता. मी ऐकता ऐकता हसायची. काका हसायचे नाहीत, पण मी हसले की पुढचं वाचण्याआधी जरा थांबायचे.

आता त्या एका दिवसाबद्दल लिहायला हवं. टाळून टाळून इथवर आले.

नवतपाचा सहावा की सातवा दिवस होता. काकांनी चार पानं आणली, वाचून दाखवली. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, मध्ये दोनदा पाणी प्यायले. माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं, कारण गावातल्या एका मुलीच्या लग्नाची पत्रिका चारच्या आत द्यायची होती. काका गेले आणि मुलीचा मामा आला. बाहेर जीप चालूच ठेवली होती. कारंज्याच्या व्याह्यांना पत्रिकेचे चार नमुने दाखवायचे, ते पसंत करतील तो छापायचा. नमुने आम्ही नेहमी पाठकोऱ्या कागदांवर काढायचो. बिघडलेल्या प्रिंट, चुकलेले अर्ज, जे मागून कोरं असेल ते प्रिंटरच्या ट्रेमध्ये पालथं पडायचं. लाइट जायला पाच मिनिटं, मामा डोक्यावर उभा, आणि मी हाताला लागले ते चार कागद ट्रेमध्ये घातले. छान छापून आले. मामानं घडी घालून खिशात टाकले आणि जीप निघाली.

लाइट गेली. अंधारलेल्या दुकानात मी काकांची पानं शोधायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं. ट्रेमध्ये घातलेले चार कागद तेच होते.

मामाला फोन केला तो दोन दिवसांनी लागला. “पत्रिका पसंत पडली न? छापली न?” तो म्हणाला. “मंग त्या कागदाचं आता काय लोणचं घालता?”

काकांना सांगावं, असं रोज वाटायचं. ते रोज दोनला यायचे, आणि मी रोज पुढची पानं टाइप करायची. शेवटी मधली जागा तशीच रिकामी राहिली तेव्हा मी तीही भरली. त्यांनी वाचून दाखवलेलं जेवढं आठवत होतं तेवढं, माझ्या शब्दांत, दीड पान. कुणालाही सांगितलं नाही. स्मृतिदिनाच्या आधी मी प्रिंटरवर काढून पुठ्ठा घातलेली एक प्रत काकांनी तपासायला घरी नेली. आठ दिवसांनी आले आणि म्हणाले, “राहू दे सध्या. पाहू पुढं.” मला वाटलं, दुःख ताजं आहे, जमत नसेल. पुस्तक छापलंच गेलं नाही. पुढे दुकान बंद झालं, भाऊंनी कम्प्युटर भंगारात दिला, आणि आतलं सगळं एका सीडीवर काढून ती माझ्या हातात ठेवली. वर मार्करनं लिहिलं होतं, ‘अल्लीपूर – सर्व’. मी ती घरोघरी, भाड्याच्या खोल्या बदलत, सोबत नेत राहिले. कधी लावून पाहिली नाही.

प्रज्ञाताईच्या फोननंतर मी ती काढली. नव्या कम्प्युटरला सीडी घालायला जागाच नसते. कोपऱ्यात जुन्या कम्प्युटरचा एक डबा होता, त्याच्यावर प्रिंटर ठेवलेला. प्रिंटर खाली उतरवला, धूळ झटकली, डबा चालू केला. सीडी बराच वेळ आत घरघरली. मग नावं दिसू लागली. पत्रिका, पत्रिका, अर्ज, पत्रिका. आणि एक ‘सुमन’. मी तिच्यावर दोनदा टिचकी मारली. ही फाइल उघडता येत नाही, असं उत्तर आलं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती बनली ते आता कुठेच नाही. दुसऱ्यात उघडून पाहिली, तिसऱ्यात पाहिली. शेवटी अगदी साध्या, बिनसजावटीच्या खिडकीत ती जबरदस्तीनं उघडली, आणि पानभर इंग्रजी अक्षरं सांडली. मध्ये अर्धविराम, कंस, अधिक-उणेची चिन्हं. मराठीचा सदरा उतरला होता आणि आत हे होतं.

इंटरनेटवर जुन्या फॉन्टचं नव्यात करून देणाऱ्या जागा आहेत. तिथे घालून पाहिलं. पण भाऊंचा फॉन्ट कुणाच्याच ओळखीचा नव्हता. वेलांट्या भलत्याच अक्षरांवर चढल्या, रफार हवेत राहिले, निम्म्या शब्दांच्या जागी नुसत्या चौकटी. ‘सिस्टर’चं जे काही झालं होतं ते बघवत नव्हतं. मी खुर्चीत मागे टेकले. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. फाइल उघडत नाही म्हटलं की सुटले. कुणी दोष दिला नसता. दर पाच-सात वर्षांनी माझे हात अडाणी होतात: मशीन गेलं, फॉन्ट गेला, युनिकोड आलं, आता लोक मोबाइलशी बोलतात आणि तो लिहून देतो. प्रत्येक वेळी मागचं सगळं तिथेच सोडून पुढे यायचं. आणखी एक गोष्ट सोडली असती.

पण डोळे पडद्यावर होते आणि हात सवयीनं बटणांवर. पहिल्या ओळीतली चार अक्षरं मी नुसती बघत होते: एल, क्यू, ई, यू. त्यांना काही अर्थ नाही. उजव्या हाताची अनामिका एलवर दबली. डावी करंगळी वर क्यूवर गेली, मधलं बोट ईवर, उजवी तर्जनी यूवर. आणि बोटांना कळलं. स, उकार, म, न. सुमन.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. पडद्यावर दिसत होती ती मी कधीकाळी दाबलेली बटणं होती, जशीच्या तशी, क्रमानं. वाचता येत नव्हती, पण पुन्हा दाबता येत होती. डोळे पानावर, बोटं जागेवर. मॅडमची पट्टी आठवली आणि मला रडू आलं, दुकानात कुणी नव्हतं म्हणून येऊ दिलं.

मग उरलेल्या नवतपात रोज दोन ते चार मी तेच केलं. त्या वेळी उन्हात कुणी येत नाही आणि सर्व्हरही झोपलेला असतो. जुन्या डब्याच्या पडद्यावर ती निरर्थक अक्षरं, समोर नव्या कम्प्युटरचा कीबोर्ड. एकेक शब्द आधी बोटांनी ओळखायचा, मग नव्या रीतीनं लिहायचा. पाठ भरून यायची, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. कुठे कुठे अक्षरंच गळून गेली होती, तिथे मी रिकामी जागा सोडली. या वेळी भरली नाही. प्रज्ञाताई रोज फोन करायची, “कुठवर आलं? बाबा विचारून राह्यले.” मी सांगायची, साडीपर्यंत आलं, लवंगेपर्यंत आलं. पलीकडून काका काहीतरी म्हणायचे आणि ताई हसायची. “दोन घास जास्त खाल्ले आज,” असंही एकदा म्हणाली.

सातव्या दिवशी ते दीड पान आलं.

माझ्या बोटांना ते माझ्याआधी कळलं. काकांची वाक्यं आखूड असायची, इथे एकदम लांब झाली. ‘त्या दिवशी रणरणत्या उन्हात सुमन फाट्यावर उभी राहून हात दाखवीत होती. तिथे थांबा नव्हता, पण मी एक घंटी दिली तशी गाडी थांबली. मी तिला माझी जागा दिली.’

एसटीतली एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि काकांनी त्या दुपारी, पाण्याचा पेला हातात धरून, मला जे वाचून दाखवलं होतं त्यात दोन घंट्या होत्या.

सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. नवतपा आहे, आज गावोगाव हिंडू नको, असं काका म्हणत होते. एक बाई अडली आहे, जाणारच, असं त्या म्हणत होत्या. त्या आधी निघून गेल्या. दुपारी काकांची गाडी भरून येत होती, उशीर झालेला. फाट्यावर सुमनकाकू हात वर करून उभ्या दिसल्या. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. आणि काकांनी दोरी दोनदा ओढली. डबल बेल. गाडी पुढे गेली. त्या तशाच उन्हातून बाळंतिणीच्या गावी चालत गेल्या, मूल सुखरूप झालं, आणि घरी येऊन त्या तीन दिवस ऊन लागून पडल्या. बऱ्या झाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर काकांच्या गाडीत त्या कधीच बसल्या नाहीत.

हे मला तेव्हाही पक्कं आठवत होतं. विसरून मी ते बदललं नाही. बावीस वर्षांच्या मला वाटलं, स्मृतिदिनाच्या पुस्तकात असं कुणी लिहितं का. आणि दुसरं म्हणजे, ‘मी दोन घंट्या दिल्या’ हे दुसऱ्याच्या नावानं लिहायला माझा हात धजला नाही. म्हणून एक घंटी केली. एका घंटीनं किती सोपं झालं सगळं! त्या माणसाला मी चांगला नवरा करून टाकला, आणि चार कागदांची माझी चूक त्याखाली झाकली.

नवव्या दिवशी सगळं छापून घेतलं. मोठ्या अक्षरांत, कारण वाचायला आता मलाही चष्मा लागतो. ते दीड पान काढून टाकावं, असं वाटलं, पण काढलं नाही. जामहून हिंगणघाट, हिंगणघाटहून अल्लीपूर. गाडीत कंडक्टरनं मशीनमधून तिकीट काढून दिलं आणि दोरी ओढली, टण् टण्. मी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला.

काका आतल्या खोलीत बाजेवर बसले होते, बुद्धाच्या फोटोखाली. फार वाळले आहेत. मी पाया पडले तर माझा हात हातात घेऊन त्यांनी बोटं चाचपली. “टायपिंगवाली,” म्हणाले. प्रज्ञाताईनं पन्हं आणून दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कूलर बंद करायला लावला काकांनी, आवाजात ऐकू येत नाही म्हणून. त्या उकाड्यात मी वाचायला सुरुवात केली.

बिनमिठाच्या भाजीला ताई हसली. लवंगेला काकांनी मान हलवली. साडीच्या तमाशाला ते स्वतः हसले, दात नसलेल्या तोंडानं, आवाज न करता. मी वाचत गेले आणि ते पान वर आलं. तिथे थांबले.

“काका, हे पुढचं दीड पान तुमचं नाही. तुमची चार पानं माझ्या हातून गेली. मी त्यांच्यावर लग्नपत्रिका छापली. हे मी लिहिलं आहे.”

वीस वर्षं हे वाक्य मी मनात इतक्या तऱ्हांनी म्हटलं होतं. शेवटी ते एवढंसंच निघालं.

“मालूम हाये मले,” काका म्हणाले.

मी कागद मांडीवर ठेवले.

“तवाच वाचलं होतं मी. एक घंटी. तीस वर्ष घंटी मारली बाई, एक अन् दोन समजत नाई का मले?”

“मग बोलला का नाही? मला रागवला का नाही?”

“काय बोलू? चांगलं लिहिलं होतं तू. रोज वाचो मी ते. वाचलं का वाटे, असंच तं झालं होतं. गाडी थांबली होती, सुमन चढली होती. आठ रोज वाचलं. मंग मले भेव वाटलं. हे छापलं तं लोक खरं मानतीन. मी बी मानीन. अन् सुमन काय म्हणन? म्हणून नाई छापलं.”

“पुन्हा लिहून आणायचं होतं, काका.”

“एकडाव लिहिलं तेच लय झालं होतं, माय. दुसऱ्या खेपेले हात नाई उचलला.”

दारात ताई तशीच उभी होती. तिच्या हातातला रिकामा पेला मला दिसत होता, तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. त्या पुस्तकाला वाळवी यंदा लागली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी लावली होती, माझ्या चांगुलपणाच्या दीड पानानं.

“कागद हाये का तुह्यापाशी?” काकांनी विचारलं.

माझ्याकडे वाचत होते तेच कागद होते. तसं सांगितलं.

“मागून कोरे असन न?”

“हो.”

“मंग तेच पान उलटव. फाडू नको. त्याच्याच मागं लिही.”

मी पान उलटलं. पर्समधून पेन काढलं. मांडीवर वही नव्हती, म्हणून पन्ह्याचा ट्रे पालथा घेतला. काका मान वर करून, न दिसणाऱ्या डोळ्यांनी समोर बघत होते, आणि वाक्यं आली ती आखूड, त्यांचीच. फाट्यावर सुमन होती. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी दोन घंट्या देल्या.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

“दोन लिहिलं न?”

“दोनच लिहिलं, काका.”

“आता हे लिही. हे मी तवाच्या पानात बी नव्हतं लिहिलं.” त्यांचा हात बाजेच्या काठावर दोरी धरल्यासारखा आवळला होता. “गाडी पुढं गेली, मी मागच्या काचीतून पाह्यलं. वळण येईपर्यंत दिसत होती ते. तिनं हात खाली नाई केला. वरच होता हात तिचा.”

मी ते लिहिलं, आणि पुढचं ऐकायला थांबले.